आराखड्यातलं बारावं पान

विलास,

परवा तालमीत तुझी शोकसभा झाली. मीही बोललो. दहा मिनिटं बोललो, आणि त्यातलं निम्मं खोटं होतं. माझी ओळख करून देणाऱ्यानं ‘शहरी शाश्वततेतले नामवंत तज्ज्ञ आणि विलासरावांचे बालमित्र’ असं म्हटलं. तू समोर असतास तर ‘नामवंत’वर मुद्दाम खोकला असतास. बोलता बोलता माझा आवाज अडकला आणि पुढं बोलताच येईना. लोकांना वाटलं, मित्राच्या आठवणीनं गहिवरला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुझ्या अर्जांबद्दल बोलायला निघालो होतो, आणि ऐन वेळी माझी हिंमत झाली नाही.

म्हणून आता लिहितो. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. पण गल्ली वाचेल, आणि तिनं वाचायलाच हवं.

शाळेत मास्तर आपल्या दोघांना खिडकीजवळच्या बाकावर बसवायचे. तू पहाटे धारा काढून यायचास, माझ्याही घरी तेव्हा दोन म्हशी होत्या, आणि आपल्या अंगाचा वास खिडकीतून जावा अशी मास्तरांची सोय होती. तुला त्याचं काही वाटायचं नाही. उलट ‘वारा मोकळा येतोय, बस की गप’ म्हणायचास. मला मात्र वाटायचं. पुढं माझ्या वडिलांनी त्या दोन म्हशी विकून मला पुण्याला शिकायला घातलं, आणि वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात पोरांनी माझं नाव ‘गोठा’ ठेवलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू पुण्याला येऊन एकेकाला उचलून आपटलं असतंस. तालमीतली तुझी अर्धवट राहिलेली कुस्ती अशा कामांसाठी तू राखूनच ठेवली होतीस.

मी शिकलो, नोकरीला लागलो. शहरं पुरात, उन्हात, टंचाईत कशी टिकतील, लोक एकमेकांच्या आधारानं पुन्हा कसे उभे राहतील, हे बघायचं माझं काम. तुला ते समजावून सांगता सांगता माझी निम्मी हयात गेली. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर तू एका हातानं म्हैस पिळत असायचास, गिऱ्हाईक फेसाळता पेला घेऊन उभं असायचं, आणि त्याच्यासमोर तू माझी उलटतपासणी घ्यायचास.

“शाश्वत म्हंजे काय रं सुध्या?”

“टिकणारं. वाया न जाणारं.”

“मग माजी म्हस शाश्वतच हाय की. दूध देत्या, शेण देत्या, शेणाच्या गवऱ्या हुत्यात. तुला ह्येचा पगार देत्यात व्हय?”

गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचो, पण आतून जरा लागायचं. मग मी म्हणायचो, दुधात पाणी घालत नाहीस यात तुझं कौतुक नाही, कट्ट्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर पिळावं लागतं म्हणून संधी मिळत नाही. त्यावर तू जी शिवी द्यायचास ती छापता येणार नाही.

आमच्या संस्थेला नदीकाठच्या पेठांचा पूर आराखडा करायचं काम मिळालं, तेव्हा आपली गल्ली मीच मागून घेतली. पंधरा दिवस तू मला हिंडवलंस. जिथं मी नकाशा काढायचो तिथं तू माणसं सांगायचास. कुठल्या घरातली म्हातारी दोघांनी उचलावी लागते, कुठल्या घरचा जिना कुजलाय, कोण पाणी उंबऱ्याला लागल्याशिवाय हलत नाही. तुझ्या बोलण्यात वर्गवारी नव्हती आणि माझे तक्ते काही भरत नव्हते. त्यावरून आपण रोज भांडायचो.

आपलं मोठं भांडण वेगळंच होतं. मी म्हणायचो, ही सगळी गल्ली इथून उठून वर गेली पाहिजे, पूररेषेत माणसानं राहूच नये. तू म्हणायचास, “वर गेल्यावर म्हशी डुंबायच्या कुठं? तुज्या बाथरुमात?” मी चिडून म्हणायचो, म्हशींसाठी माणसं मारायची का. तू म्हणायचास, म्हशींवरच जगतात ती माणसं. हे भांडण तसंच राहिलं. मला अजूनही वाटतं माझं निम्मं बरोबर होतं. तू गेल्यावर लगेच तुझं सगळं पटलं असं म्हटलं, तर ते आणखी एक खोटं होईल.

पण एक गोष्ट तू दाखवलीस ती माझ्या पुस्तकांत कुठंच नव्हती. पाणी चढायला लागलं की गल्ली बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं ते ऐकते, मोबाइलवरचे निरोप वाचते, आणि घरातच बसते. ती वाट बघते तुझ्या म्हशींची. तुझे आजोबा, वडील आणि मग तू, तुम्ही म्हशी सोडून वर नेल्या की सगळ्यांना कळतं, आता खरं. कारण गवळी दुभती जनावरं उगाच हलवत नाही. हलवली की दूध आटतं, आणि स्वतःचं नुकसान कोण हौसेनं करून घेईल? म्हशी गेल्या की मागोमाग बायकापोरं निघतात, मग म्हातारी, आणि शेवटी तालमीतली पोरं कुलपं बघून बाहेर पडतात. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण चालत आलेलं होतं.

मी ते लिहिलं. माझ्या आराखड्याचं ते बारावं पान. पूर आला की आधी म्हशी हलवायच्या, वरच्या अंगाला बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात. किल्ली कुणाकडे असेल, वैरण कुठून येईल, पाण्याची टाकी कुठं ठेवायची, सगळं. तुला वाचून दाखवलं तेव्हा तू खूश झालास. “ह्ये जमलं बग तुला. बाकीची पानं कायबी असूंदेत,” म्हणालास. माझ्या कामाची एवढी मोठी पावती मला पुन्हा कधी मिळाली नाही.

आता जे सांगायचं ते.

पुण्यात आराखडा वाचायला बैठक बसली. बाहेरून आलेली मोठी माणसं होती. बाराव्या पानाशी एक बाई थांबल्या आणि सहज म्हणाल्या, “हे वाचताना जरा हसू येतं, नाही?” दोघंतिघं हसले. वाईट हसले नाहीत, आपण चहाला बसून हसतो तसंच. पण माझे कान तापले. मला वाटलं, माझ्या शर्टाचा वास येतोय. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, आणि त्या खोलीत पुन्हा ‘गोठा’ झालो. त्यांच्याबरोबर मीही हसलो आणि म्हणालो, “ते चुकून राहिलंय, काढून टाकतो.”

बाई म्हणाल्या, “ठेवलंत तरी चालेल.”

मी काढलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दबाव आणला नव्हता. त्याजागी भोंगा, मोबाइलवर निरोप आणि शाळेतलं निवारा केंद्र घातलं. शाळेच्या नियमांत एक ओळ होती, ‘जनावरांना प्रवेश नाही’. तीही मीच लिहिली.

तू विचारलंस तेव्हा कट्ट्यावरच होतो आपण. मी म्हणालो, “ते पान वरच्यांनी काढलं रे.”

“वरच्यांनी म्हंजे?”

“कमिटीनं.”

“कमिटीला म्हस म्हाईत हाय का?” तू पिळायचा थांबलास. “मी भेटतो त्यास्नी.”

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. तुझ्याबरोबर लहानपणापासून राहून एवढंही मला कळलं नव्हतं. तू अर्ज लिहिलास. स्वच्छ अक्षरात, शाळेतल्यासारखा समास सोडून. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत. सकाळचं दूध घालून झालं की इस्त्रीचा शर्ट घालून जायचास आणि बाकड्यावर बसायचास. तिथं सांगायचे, असं कुठलंही पान आराखड्यात नाही. ते खरंच बोलत होते, त्यांनी ते पान कधी पाहिलंच नव्हतं. तिथून बाहेर पडलास की तू मला फोन करायचास.

“सुध्या, तू लिवलंतंस न्हवं?”

“लिहिलं होतं रे.”

“मग ह्ये तर न्हाय म्हणत्यात. म्हंजे मधल्यामधी कुणीतरी दाबलंय.”

“असेल,” मी म्हणायचो.

‘असेल’ एवढंच. दर वेळी. एकदा तर तू म्हणालास, “तुज्या कामावर कुणी बोळा फिरवला त्ये मी सोडणार न्हाय.” माझ्या कामावर. तू हे माझ्यासाठीही करत होतास. त्या दिवशी फोन ठेवून मी जेवायला बसलो, आणि नीट जेवलोही. हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

मग तो मोठा पूर आला. मी पुण्यात होतो. भोंगा वाजला, निरोप गेले, माझ्या समोरच्या पडद्यावर आपली गल्ली लाल झाली. सगळं आराखड्याप्रमाणं चाललं होतं. मी आईला फोन केला. ती तेव्हा गल्लीत एकटीच राहायची.

“आई, भोंगा ऐकलास ना? निघ. शाळेत जा.”

“जाते की. घाई कशाची? इलासच्या म्हशी अजून दाव्यालाच हायत. त्या हलल्या की निघते.”

मी ओरडलो. ती म्हणाली, ओरडू नकोस, पाणी तुला दिसतंय का मला? शेजारपाजारचे सगळे तसेच बसले होते. माझा आराखडा माझ्या आईनंसुद्धा मानला नाही. आणि तुझ्या म्हशी हलत नव्हत्या, कारण हलवायला जागा नव्हती; पूर्वीची वरची मोकळी जागा केव्हाच बांधकामाखाली गेली होती. गिरणीच्या फाटकाला कुलूप. किल्ली कुणाकडे द्यायची ते बाराव्या पानावर होतं, आणि ते पानच नसल्यानं ती कुणाला दिलीच नव्हती. शाळेच्या दारात तू गेलास, तर तिथल्या माणसानं माझीच ओळ तुला वाचून दाखवली.

पुढचं मला आईनं सांगितलं. तू शाळेतून परत आलास, गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलास आणि बघितलंस. दारादारांत माणसं उभी, सगळ्यांची नजर तुझ्या गोठ्याकडे. तेव्हा तुला उमगलं, जागा असो नसो, म्हशी हलताना दिसल्या पाहिजेत. तू दावी सोडलीस. दिवाळीच्या पाडव्याला सजवून गाडीमागं पळवायला शिकवलेल्या म्हशी तुझ्या, हाक दिली की मागं यायच्या. न्यायला कुठंच नव्हतं आणि तरी तू त्या बाहेर काढल्यास. मांडीभर पाण्यातून, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत, मोठमोठ्यानं हाका घालत. केवळ लोकांनी बघावं म्हणून. आई म्हणाली, “म्हशी दारावरनं गेल्या तशी मी पिशवी उचलली.” तिला पाठीवर घेऊन वर सोडायला तूच परत आलास.

त्याच वेळी तुझी गाभण म्हैस गटाराच्या उघड्या चेंबरमध्ये पडून मेली. पाण्याखाली झाकण निघालेलं कुणाला दिसलं नाही. बाकीच्या घेऊन तू दोन दिवस हमरस्त्याच्या कडेला पावसात उभा होतास. पोलीस ओरडत होते, गाड्या भोंगे वाजवत होत्या. गल्लीतलं एकही माणूस दगावलं नाही.

आणि मी काय केलं? कुणीतरी पाठवलेला तुझा फोटो, डोक्यावर पोतं, भोवती म्हशी, मी माझ्या भाषणात घातला. ‘समाजाच्या परंपरागत शहाणपणातून जीवितहानी टळली.’ परदेशात दाखवला. लोक उठून उभे राहिले, टाळ्या वाजल्या. मला एक मानचिन्ह मिळालं. ते मी तुला दाखवायला आणलं तेव्हा तू हातात घेऊन वजन बघितलंस आणि म्हणालास, “वजनदार हाय. पेंडीच्या पोत्यावर ठेवाय बरं.” मग म्हणालास, “तुजं नाव झालं. पर पान काय न्हाय आलं अजून. पुढच्या आठवड्यात जातो मी.”

तू मला एकदाही दोष दिला नाहीस. दिला असतास तर बरं झालं असतं.

तू गेलास तो कसा, हे सगळ्यांना माहीत आहे. सकाळी वैरण टाकता टाकता छातीत दुखलं आणि संपलं. पुराचा त्यात काही संबंध नाही, डॉक्टरांनीच सांगितलं. हे ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं, तेही इथं लिहून ठेवतो. आई आता पुण्यात माझ्याकडे असते. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हशींचं आता कोण बघणार?”

शोभावहिनी बघतायत. शोकसभेनंतर मी घरी गेलो तेव्हा त्या धारेला बसल्या होत्या. हात धुऊन त्यांनी आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. तुझ्या अर्जांच्या प्रती, पोच मिळालेल्या.

“भावजी, ह्येंचं एवढं एकच काम अर्धं ऱ्हायलंय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वळखी हायत. त्ये पान कुणी काढलं, त्यो माणूस हुडकून द्या. भांडायचं न्हाय मला. का काढलंस, एवढंच इचारायचं हाय.”

मी पिशवी घेतली आणि म्हणालो, “बघतो.”

मुक्कामाला जाऊन मी ते अर्ज वाचले. प्रत्येकात एक वाक्य होतं, ‘सदर पान माझे मित्र श्री. सुधीर यांनी अत्यंत अभ्यासपूर्वक लिहिले असून...’ पुढं वाचवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. वहिनी गोठ्यासमोरच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. बैठक, हसणं, मी काढलेलं पान, तुला सांगितलेलं खोटं. एकही सबब सांगितली नाही, एवढंच त्यातल्या त्यात. वसतिगृहातलं नावसुद्धा सांगितलं नाही. ती सबबच झाली असती.

वहिनी रडल्या नाहीत.

“मग ह्ये इतकी वर्सं कुणाची दारं वाजवत हुते?”

मी हातातल्या अर्जांच्या पिशवीकडे बघितलं.

“तुमच्याकडं का आले न्हाईत?” त्यांनी विचारलं. “तुमास्नी इचारलं असतं तर सांगितलं असतंसा?”

“यायचा, वहिनी,” मी म्हणालो. “कचेरीतून बाहेर पडला की पहिला फोन मलाच असायचा.”

त्या उठल्या. मला वाटलं, आता दार लावतील. त्यांनी तसं केलं असतं तरी मी काय म्हणणार होतो? त्या आत गेल्या आणि एक कोरा कागद आणि पेन घेऊन आल्या. माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

“अर्ज मी घालते. तुमच्यावर इस्वास न्हाय माजा,” त्या म्हणाल्या. “पर मला कचेरीचं लिवाय येत न्हाय. बसा. मी सांगते तसं लिवा.”

मी खाली बसलो.

“पैलं कुणी काढलं त्ये लिवा.”

मी लिहिलं, ‘सदर पान मी स्वतः, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, काढून टाकले. याबाबत कै. विलास यांना मी खोटे सांगितले.’ खाली पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

“वाचा.”

मी वाचलं. एव्हाना शेजारच्या दोन दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. समोर सायकल धरून थांबलेल्या एकानं शोकसभेत माझं भाषण ऐकलेलं होतं.

“मोठ्यानं,” वहिनी म्हणाल्या. “गल्लीला ऐकू जाऊंदे.”

मी उभा राहिलो आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.